चार ग्रॅम पावडर मिळवताना

नळीतून वाहणाऱ्या पाण्याचे घर्षण पॉलिमरने कमी करणे, हा विषय आम्ही सोलापुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी घेतला. प्रयोग सुरळीत पार पडला. रक्त आटवले ते खरेदीने.

ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ टॉम्स यांनी १९४८ साली मांडलेल्या या परिणामाची सारी गंमत अल्प मात्रेत आहे. पॉलिअॅक्रिलामाइडसारख्या पॉलिमरच्या रेणूंच्या अतिशय लांब साखळ्या भिंतीलगतच्या प्रक्षुब्ध प्रवाहात ताणल्या जातात आणि तेथील भोवरे दुबळे करतात, त्यामुळे दहा लाख भाग पाण्यात वीस भाग पॉलिमरही पुरतो. आमची टाकी दोनशे लिटरची, म्हणजे गरज चार ग्रॅमची. मात्र महाविद्यालयाच्या मागणीपत्रात एकक किलोचेच असल्यामुळे आम्ही ०.००४ लिहिले, तर ‘आकडा दुरुस्त करावा’ असा शेरा मारून अर्ज परत आला. ‘एवढ्याशा पावडरीने दोनशे लिटर पाण्याला काय फरक पडणार?’ हा भांडारातील साहेबांचा प्रश्न प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत शोभला असता. पुढे तीन दरपत्रकांची अट आली. सांडपाणी प्रक्रियेसाठी हीच पावडर पंचवीस किलोच्या गोणीने विकणारे व्यापारी चिमूटभर मालाचे दरपत्रक कशाला देतील? कापडछपाईच्या खळीतला ग्वार गम सोलापुरात सहज मिळतो आणि त्यानेही घर्षण घटते, पण तो कितीतरी जास्त लागतो, म्हणून तो पर्याय आम्ही सोडला. अखेर मार्गदर्शक मॅडमनी किरकोळ खर्चातून पाव किलो घेण्याची परवानगी लिहून दिली आणि इतका काळ अडलेले काम एका सहीने सुटले.

पावडर एकदम ओतल्यास तिच्या गुठळ्या होतात; ती थोडी थोडी भुरभुरावी, संथपणे ढवळावी आणि द्रावण रात्रभर मुरू द्यावे. पंपाच्या पात्यांत साखळ्या तुटतात, म्हणून आम्ही वरच्या टाकीतून पाणी गुरुत्वानेच सोडले, आणि नळीतील दाबाची घट सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेली मॅनोमीटरवर पाहताना मला त्या साहेबांना बोलावून आणावेसे वाटले. संथ, स्तरीय प्रवाहात मात्र हा फायदा मिळत नाही, तेव्हा वेग पुरेसा ठेवावा.

हे आधीच सांगायला हवे होते: मागणी पहिल्यापासून पाव किलोचीच करावी. उरलेली पावडर ओल लागू न देता हवाबंद डब्यात ठेवली, तर पुढच्या तुकडीला भांडाराची पायरी चढावी लागणार नाही.