वरून थोडा सांबार

रविवारी दुपारी गच्चीवर उन्हाला पाठ देऊन सकाळच्या विक्रीचा हिशेब मांडत बसलो होतो. वांगी 9 किलो, 40 रुपयांनी 360. मेथीच्या 15 जुड्या, 150. गावरान अंडी 14, त्यांचे 210. एकूण 720 रुपये. पेट्रोलचे 400 वजा केले आणि मग लक्षात आलं, सांबार कुठे आहे? पहाटे दवात भिजलेला चुंगडीभर सांबार मी डिक्कीत टाकला होता. चुंगडी रिकामी होती, आणि वहीतला रकानाही.

आमच्याकडे नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याहून आलेल्या माझ्या वहिनीनं एकदा ‘फ्रीजमध्ये सांबार आहे’ हे ऐकून बराच वेळ पातेलं शोधलं होतं.

कळमेश्वरच्या बाजूला वाटणीत आलेलं एक एकर वावर आहे. नोकरी सांभाळून मी तिथे शनिवार-रविवारची शेती करतो. थंडीत सगळंच येतं, वांगी, मेथी, धुऱ्यावरच्या तुरीचे सोले. कोंबड्या तेवढ्या रुसतात. दिवस लहान झाला की त्या अंडी कमी करतात, आणि नेमकी तेव्हाच कॉलनीत सगळ्यांना गावरान अंडी हवी असतात. पहिल्याच हिवाळ्यात, 2018 च्या 29 डिसेंबरला, नागपूरचा पारा 3.5 अंशांवर आला आणि माझी वांग्याची झाडं उकडल्यासारखी माना टाकून उभी राहिली. सांबाराला मात्र काही झालं नाही. त्याला थंडी मानवते. मार्चचं ऊन लागलं की तो भराभर फुलावर जातो आणि मग बाजारात त्याला भाव येतो, म्हणजे माझ्याकडे नसतो तेव्हा.

धने तसेच पेरले तर रुसून बसतात. पोत्यावर पसरायचे आणि चपलेनं हलकेच रगडायचे, एका धन्याच्या दोन फाका होईपर्यंत. जोर जास्त झाला तर पीठ, कमी झाला तर पाखरांचा नाश्ता. रात्रभर भिजवायचे, पेरायचे, आणि आठ-दहा दिवस मातीकडे बघत बसायचं. पुढे तण काढा, पाणी द्या. पाण्याची पाळी रात्रीची, कारण लाईट रात्रीची. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी जुडी होते. ती जुडी कॉलनीच्या गेटवर कुणी विकत घेत नाही. वांगी मोजून झाली, पैसे दिले, तरी माणूस हलत नाही.

ते का हलत नाहीत हे मला कळतं, कारण मीही त्यातलाच. लहानपणी आईबरोबर नागपूरच्या महाल भागातल्या बुधवार बाजारात जायचो. भाजीवालीचं तागडं समेवर आलं, भाजी पिशवीत पडली की आई पिशवीचे बंद धरायची, पण पिशवीचं तोंड मिटायची नाही. बोलायचीही नाही. भाजीवाली एक क्षण दुसरीकडे बघायची, मग गोणपाटाखालून चार काड्या काढून वर टाकायची. तेव्हा कुठे पिशवी मिटायची. कधी माझ्या हातावर एखादं बोर. एकदा भाजीवालीनं हात आखडता घेतला, तर आई परतताना गांधीगेटपर्यंत तिच्याबद्दलच बोलत होती. मिरच्या महाग लावल्या त्याचं काही नाही. सांबार दिला नाही!

पैसे मोजून सांबार नेणारा एकच वर्ग, सांबारवडी करणारा. दहा-दहा जुड्या न्यायच्या आणि वर ‘पानं जून आहेत’ म्हणायचं. पण तो पाहुणे येणार असले की उगवतो, दर रविवारी नाही.

वावर बघणारा गडी मागे म्हणालाच होता, “सायब, तुमी इकाले जाता का वाटाले?” बायकोचं म्हणणं याहून थोडक्यात आहे. तिच्या मते मी पेट्रोल पेरतो.

म्हणून गेल्या रविवारी पाटीवर खडूनं लिहिलं, ‘सांबार 10 रु. जुडी’. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या. अर्धा किलो वांगी घेतली, वीस रुपये दिले, पाटी वाचली. “हो का, सांबारही विकून राहिले का आता?” एवढंच म्हणाल्या. पिशवीचे बंद हातात होते. तोंड उघडं.

मी दुसरीकडे बघितलं. मग चुंगडीत हात घातला.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. बुधवार बाजारातली ती बाई रोज चाळीस-पन्नास पिशव्यांत चार-चार काड्या टाकत असेल, आणि तो सांबार तिच्या वावरातला नसणार. तिनं तो पहाटे कॉटन मार्केटच्या ठोक भाजीबाजारातून पैसे मोजून आणलेला असणार.