नवीन साउंड कार्ड बसवलं आणि होता तो आवाजही गेला

साउंड कार्ड (कॉम्प्युटरच्या आवाजासाठी वेगळं बसवायचं कार्ड) का घेतोयस विचारलं तर सांगायला जरा लाज वाटायची, कारण आवाज तर येत होता की आधीही. पण हेडफोन लावून बसलं आणि माऊस हलवला की कानात बारीक चिरचिर, पेज स्क्रोल केलं की त्या चिरचिरीचा सूर बदलायचा, आणि गेम चालू केला की ग्राफिक्स कार्डवर लोड आलाय हे पंख्याच्या आधी माझ्या कानाला कळायचं. मदरबोर्डवरचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डवरचा, ऑडिओ सगळ्या विजेच्या गर्दीत बसलेला असतो, त्यात हे होतं कधीकधी. एकदा लक्षात आलं की मग तेच ऐकू येत राहतं, गाणं राहतं बाजूला.

कार्ड बसवणं हे दहा मिनिटांचं काम. पॉवर केबल काढली, अंगातली स्टॅटिक वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून घेतला, छोट्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधे कार्ड दाबलं, स्क्रू मारला. बायोसमधे (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) जाऊन मदरबोर्डवरचा ऑडिओ बंद केला. ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) टाकला, डिव्हाइस मॅनेजरमधे नाव दिसलं, पिवळं चिन्ह वगैरे काही नाही. आणि आवाज शून्य.

मग जे सगळे करतात तेच मी केलं, ड्रायव्हर काढला परत टाकला, परत काढला परत टाकला. तासाभराने लक्ष गेलं की साउंड सेटिंगमधली ती हिरवी पट्टी मस्त वरखाली नाचतेय, म्हणजे आवाज कुठेतरी जातोय, फक्त माझ्याकडे येत नाहीये. जात होता मॉनिटरकडे! एचडीएमआयने जोडलेला मॉनिटर पण प्लेबॅक डिव्हाइस म्हणून यादीत असतो आणि या सगळ्या उलथापालथीत डीफॉल्ट तोच होऊन बसला होता. माझ्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. डीफॉल्ट बदललं, आवाज आला.

पुढच्या जॅकमधे हेडफोन लावला तर तिथे मात्र ठार शांतता. हे माझं मीच केलेलं. पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटच्या आतून मदरबोर्डला जाते आणि मदरबोर्डचा ऑडिओ मी स्वतःच्या हाताने बंद केलेला. परत कॅबिनेट उघडलं. तो कनेक्टर ओळखायला सोपा, दोन ओळीत पाच पाच जागा आणि त्यातली एक पिन मुद्दाम नसते म्हणजे उलटा बसायला नको. तो जिथे बसतो तसाच हेडर (पिनांची जागा) कार्डवर पण होता, तिथे लावायला गेलो तर वायर पुरेना, शेवटी ग्राफिक्स कार्डच्या खालून ताणून कशीबशी पोचवली. झालं, वाजलं.

आणि मग खरी डोकेदुखी सुरू झाली. गाणं नीट चालू आहे आणि मधेच टप्. मिनिटभर काही नाही, परत टप् टप्. इतकं अनियमित की मुद्दाम ऐकायला बसलं तर येणार नाही आणि विसरलो की येणार. मी सरळ ठरवून टाकलं की कार्डच खराब. तरी कार्ड काढून परत बसवलं, ऑडिओ एन्हान्समेंट बंद केल्या, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) मी हौसेने 192 किलोहर्ट्झ करून ठेवला होता (मोठा आकडा म्हणजे भारी आवाज असा आपला समज) तो 48 वर आणला, पॉवर सेटिंगमधे पीसीआय एक्सप्रेसचा वीजबचतीचा पर्याय बंद केला. हे सगळं एकाच रात्रीत आणि एकदमच केलं, त्यामुळे कशाने काय फरक पडला हे मलाच सांगता येईना. टप् चालूच.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह (विंडोजऐवजी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, इन्स्टॉल न करता) चालवलं, त्याच कार्डवर दोन तास गाणी लावली. एकदाही टप् नाही. म्हणजे कार्ड बरं, वायर बरी, स्लॉट बरा, भानगड विंडोजमधल्या कशाची तरी. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर कार्ड चारदा काढघाल करायची वेळ आली नसती.

मग कुठला ड्रायव्हर प्रोसेसर अडवतोय ते दाखवणारं लेटन्सीमॉन नावाचं टूल चालवलं. गंमत अशी आहे की 48 किलोहर्ट्झला दर सेकंदाला 48,000 सॅम्पल लागतात आणि विंडोज ते साधारण 10 मिलिसेकंदांच्या घासांनी पुढे सरकवतं, म्हणजे एका घासाला 480. त्या वेळात दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरने प्रोसेसर अडवून धरला तर पुढचा घास वेळेवर येत नाही, आवाजात भोक पडतं, ते म्हणजे टप्. ऑडिओचा ड्रायव्हर बिचारा निर्दोष असतो. यादीत सगळ्यात वर होतं एनडीआयएस डॉट एसवायएस, म्हणजे नेटवर्कचा कारभार. डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय डिसेबल केलं आणि अर्धा तास ऐकत बसलो, चिडीचूप. एनेबल केलं, पाचव्या मिनिटाला टप्. खात्री म्हणून परत एकदा तेच केलं, परत तेच झालं. वायफायचा ड्रायव्हर बराच जुना होता, नवीन टाकला आणि टप् गेलं ते गेलंच.

एवढं झाल्यावर रात्री निवांत पुढच्या जॅकला हेडफोन लावला, सवयीने माऊस हलवला आणि कानात तीच बारीक चिरचिर! आधीपेक्षा कमी, पण तीच. मागच्या जॅकला लावून बघितलं तर तिथे एकदम साफ. ती ग्राफिक्स कार्डच्या खालून ताणलेली वायरच चिरचिर उचलत होती. आता हेडफोनला एक्स्टेन्शन लावून मागूनच ऐकतो, पुढचा जॅक रिकामाच आहे.