मॅग व्हील घासायच्या आधी त्यावर काय आहे ते ओळखा

दसरा जवळ आला की वॉशिंग सेंटरवर रांगा लागतात, आणि त्या रांगेत नवीन मॅग व्हील, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं, टाकलेली गाडी दिसली की मला खरंच काळजी वाटते. कारण तिथला पोरगा एका बाटलीतून चाकावर काहीतरी मारतो, फेस येतो, काळी घाण भसाभस खाली वाहते, दोन मिनिटांत चाक नव्यासारखं, मालक खूश. ते जे मारलं ना ते पुष्कळ ठिकाणी अ‍ॅसिड असतं. पातळ केलेलं असेल, पण अ‍ॅसिडच. एका वॉशमध्ये काहीच दिसत नाही, खरी गोम तिथेच आहे. वर्षभर दर पंधरा दिवसांनी हेच होत राहिलं की मग चाकाची चमक जाते, दुधाळ डाग येतात, नटांच्या भोवती पांढरं पीठ धरायला लागतं, आणि तोपर्यंत कशामुळे झालं हे कुणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

अ‍ॅल्युमिनियमचं कसंय, त्याला अ‍ॅसिड चालत नाही आणि कडक अल्कलीही चालत नाही, दोन्ही खातात त्याला. म्हणजे अ‍ॅसिड नको म्हणून कुणी इंजिन डिग्रीझर किंवा कॉस्टिकवालं ओव्हन क्लीनर मारलं तरी तेच नुकसान. काही स्वस्त व्हील क्लीनरमध्ये तर फ्लोराइडवालं अ‍ॅसिड असतं, ते कातडीतून आत जातं आणि हाडापर्यंत त्रास देतं, लगेच दुखतही नाही त्यामुळे कळत नाही. ती पोरं उघड्या हाताने काम करत असतात, हे बघवत नाही. म्हणून सेंटरवर द्यायचीच असेल गाडी तर गाडी आत घ्यायच्या आधी स्पष्ट सांगा, चाकाला फक्त शाम्पू आणि पाणी, दुसरं काही मारू नको दादा. ऐकतात, मी तरी आजवर कुणी नाही म्हटलेलं बघितलं नाही.

आता मुद्द्याचं. आपण चाक धुतो म्हणजे अ‍ॅल्युमिनियम धुतो असं वाटतं, पण बहुतेक वेळा आपला हात अ‍ॅल्युमिनियमला लागतच नाही. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुठेही बाहेरून घेतलेली बहुतेक चाकं कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेली, असतात, अ‍ॅल्युमिनियममध्ये साधारण ७ टक्के सिलिकॉन असलेला मिश्रधातू, त्यावर पावडर कोट किंवा प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर. हे लॅकर साधारण ४०-५० मायक्रॉनचं, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. तुम्ही जे काही घासताय, चोळताय, मारताय ते सगळं या पातळ थरावर होतंय. कंपनी फिटेड चाकाच्या मानाने बाहेरच्या चाकांमध्ये फिनिशचे प्रकार पण खूप, ग्लॉस काळा, गनमेटल, डायमंड कट, क्रोम, मॅट, नुसतं पॉलिश केलेलं उघडं अ‍ॅल्युमिनियम, आणि विकणाऱ्याला विचारलं तर तो सगळ्याला "अलॉय आहे साहेब" एवढंच सांगतो. त्यामुळे पहिलं काम ओळखायचं.

रंगीत चाक ओळखायला सोपं आहे, गोंधळ होतो तो चांदीसारख्या चकचकीत चाकात. त्याला एक सोपी टेस्ट आहे. चाकाच्या मागच्या बाजूला नको, तिथे वेगळं फिनिश असू शकतं, पुढच्याच चकचकीत भागावर पण एखाद्या स्पोकच्या आतल्या कडेला, जिथे नजर जात नाही अशी नखाएवढी जागा घ्या. ती आधी नीट धुऊन कोरडी करा, नाहीतर घाणच कापडाला लागेल आणि तुम्ही फसाल. मग पांढऱ्या बनियनच्या तुकड्यावर मुगाएवढं मेटल पॉलिश घ्या, ऑटोसोल असेल, मदर्स असेल, कुठलंही चालेल, आणि हलक्या हाताने फिरवा. कापड लगेच काळं पडलं, अगदी काजळासारखं, तर ते उघडं अ‍ॅल्युमिनियम आहे, पॉलिश धातूला लागतंय. कापड पांढरंच राहिलं किंवा पॉलिशच्या स्वतःच्या रंगाचं राहिलं तर बहुधा वर लॅकर आहे, तिथेच थांबा, मेटल पॉलिश परत डब्यात. क्रोमवरही कापड असं काळं होत नाही, पण क्रोम आरशासारखं दिसतं, तुमचा चेहरा स्पष्ट दिसेल आणि किंचित निळसर झाक असेल.

लॅकरवाल्या चाकावर मेटल पॉलिश चोळलं की पहिल्यांदा चकाकतं, म्हणून लोक परत परत करतात, आणि एक दिवस लॅकर फाटतं. मग कडेने पापुद्रे सुटतात. त्याला पुढे इलाज नाही, सगळं काढून परत रंगवणं एवढाच.

बरं, चाकं एवढी काळी होतात कशाने? ब्रेक मारला की पॅड आणि डिस्क दोन्ही झिजतात, लोखंडाचे अगदी बारीक गरम कण उडतात आणि लॅकरला चिकटून बसतात. मग पावसाळी हवेत तेच कण गंजतात, आणि चाकावर जे तपकिरी ठिपके दिसतात, बोटाला खरखरीत लागतात, ते हेच. पुढची चाकं मागच्यापेक्षा लवकर काळी होतात कारण ब्रेकचा जास्त भार पुढे असतो आणि आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना मागे डिस्क नाही, बंद ड्रम ब्रेकच आहेत, त्यातली धूळ बरीचशी आतच राहते. लोणावळ्याचा किंवा ताम्हिणीचा घाट उतरून आलात की पुढचं चाक बघा, आणि तेव्हाच धुवू नका. गरम चाकावर पाणी मारलं की जागच्या जागी वाळून डाग राहतात, केमिकल मारलं तर ते भाजल्यासारखं चिकटतं, आणि तापलेल्या डिस्कवर गार पाणी हे डिस्कलाही बरं नाही. सावलीत गाडी लावा, डिस्कमधून धग येत नाही ना हे जवळ हात नेऊन बघा, मगच पाइप उचला.

धुण्याची पद्धत म्हणाल तर आधी भरपूर नुसतं पाणी, कारण कोरडी घाण कापडाने पुसणं म्हणजे लॅकरवर सॅंडपेपर फिरवणं. मग गाडीचाच साधा शाम्पू, पीएच न्यूट्रल (ना अ‍ॅसिड ना अल्कली) लिहिलेला, आणि चाकाची बादली, ब्रश, फडकं सगळं वेगळं, तेच बॉनेटला वापरायचं नाही. स्पोकच्या मागे आणि बॅरलमध्ये, म्हणजे चाकाच्या आतल्या गोल भिंतीला, लांब दांड्याचा मऊ ब्रश लागतो, नटांच्या खड्ड्यांना जुना रंगाचा ब्रश मस्त चालतो, फक्त त्याच्या पत्र्याच्या कडेला टेप गुंडाळा म्हणजे ओरखडे येणार नाहीत. काथ्या नको, भांड्याची हिरवी घासणी नको, तारेची तर अजिबातच नको. पितांबरी, चिंच, लिंबू हे पितळेच्या समयीला ठीक आहे, चाकाला नाही.

शाम्पूनेही खरखर गेली नाही तर आयर्न रिमूव्हर. बाटलीवर थायोग्लायकोलेट लिहिलेलं असतं, ते लोखंडाला धरतं आणि जांभळं होतं. ओल्या नाही, पुसलेल्या चाकावर मारा, दोन-तीन मिनिटांत स्पोकवरून जांभळे ओघळ उतरायला लागतात, आणि वास असा येतो की शेजारी खिडकी लावून घेतात, सडक्या अंड्यासारखा. वाळू द्यायचं नाही, चार-पाच मिनिटांत ब्रश फिरवून भरपूर पाण्याने धुऊन टाकायचं. बहुतेक ब्रँडचं न्यूट्रलच्या आसपास असतं म्हणून लॅकरला चालतं, पण उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर आधी कोपऱ्यात करून बघा. हे दर वॉशला लागत नाही, तीन-चार महिन्यांतून एकदा पुरे. डांबराचे ठिपके राहिले तर टार रिमूव्हर कापडावर घेऊन टिपा, डिस्कवर उडवू नका.

डायमंड कटबद्दल थोडं जास्त लिहितो कारण सध्या सगळ्यांना तेच हवं असतं. यात रंगवलेल्या चाकाचा पुढचा चेहरा लेथवर बारीक कापतात, म्हणून उन्हात ती इंद्रधनुष्यासारखी झाक दिसते, आणि त्यावर लॅकर. खालती धातू जवळजवळ उघडा, त्याला फक्त त्या लॅकरचा आधार. फुटपाथला कड घासली किंवा खडी उडून टवका गेला की तिथून पाणी आत शिरतं आणि लॅकरच्या खालून पांढऱ्या रेघा सरकायला लागतात, वाळवी लागल्यावर भिंतीवर दिसतात तशा. बोट फिरवलं तर वर गुळगुळीत लागतं, कारण जे चाललंय ते आत चाललंय. हे कुठल्याही पॉलिशने जात नाही, कुणी जाईल म्हणाला तर विश्वास ठेवू नका. परत लेथ मारावी लागते, आणि दर वेळी थोडा धातू जातो म्हणून ते एक-दोनदाच करता येतं. त्यापेक्षा टवका दिसला की त्याच आठवड्यात तो साफ करून, पूर्ण वाळवून टचअपचं क्लिअर लॅकर काडीने भरा. दिसायला फार सुंदर नाही दिसणार पण पाणी थांबेल.

उघडं पॉलिश केलेलं अ‍ॅल्युमिनियम मात्र मनसोक्त चमकवा, तिथे मेटल पॉलिशच काम करतं. हाताएवढ्या भागावर एका वेळी, काळं होईपर्यंत चोळा, ते काळं म्हणजे वरचा मळलेला थर निघतोय, मग ते वाळायच्या आत स्वच्छ कापडाने पुसा, आणि शेवटची पुसणी एकदम नवीन मायक्रोफायबरने. ड्रिलला लावायचा फोमचा कोन मिळतो, चाकाच्या मोठ्या लिपसाठी (बाहेरच्या रुंद कडेसाठी) चांगला, पण स्पीड कमी ठेवा. चमक आली की लगेच वॅक्स किंवा सीलंट लावा, नाहीतर पहिल्या पावसातच परत धुरकट. क्रोमला फक्त शाम्पू आणि क्रोमचं सौम्य पॉलिश. मॅटला पॉलिशही नको आणि साधं वॅक्सही नको, ते चट्ट्याचट्ट्याने चकाकायला लागतं आणि मग मॅट परत येत नाही.

एक गोष्ट बाहेरच्या चाकांत हमखास असते, ती म्हणजे मधली कॅप आणि रिमच्या कडेचे शोभेचे बोल्ट. ते बहुतेक प्लास्टिकवर मुलामा दिलेले असतात. पॉलिशचं कापड त्यावरून फिरलं की मुलामा गेला.

कोकणात जाऊन आलात तर आठवडा थांबू नका. हरिहरेश्वर, मुरुड कुठेही, किनाऱ्याची खारी हवा टवक्यांतून आत शिरते, आणि लाल माती बॅरलच्या आत थापून बसते, वाळली की बॅलन्सिंग बिघडून स्टिअरिंग थरथरतं. घरी आल्यावर गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा. बोअरचं पाणी असेल तर धुऊन लगेच पुसा, त्यातला चुना चाकावर पांढरा गोल डाग ठेवतो. पूजेची हळद-कुंकू, नारळाचं पाणी, चाकाखाली फुटलेलं लिंबू, हे सगळं श्रद्धेने करा, मीही करतो, फक्त संध्याकाळी ओल्या फडक्याने टिपून घ्या.

बॅलन्सिंगला जाल तेव्हा रिमच्या कडेला ठोकायची वजनं नको म्हणा, आतून चिकटवायची मागा. ठोकलेल्या वजनाखाली लॅकर फुटतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. आणि चाक काढलं की मधल्या भोकात प्लास्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची एक रिंग असते का बघा, बाहेरच्या चाकाचं भोक मोठं असतं म्हणून चाक हबवर (गाडीच्या ज्या मधल्या भागावर चाक बसतं त्यावर) नीट मध्यभागी बसायला ती दिलेली असते, टायरवाल्याकडे ती घरंगळून हरवते आणि मग ८०च्या स्पीडला गाडी का हलते ते कळत नाही. रिंग पुसून परत बसवा, नट हाताने लावून मग टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला घट्ट करा, ५०-१०० किलोमीटरनंतर परत एकदा बघा. आणि धुऊन झालं की गाडी तशीच झाकून ठेवू नका, गल्लीतून एक चक्कर मारून हलके ब्रेक दाबा म्हणजे डिस्क वाळते, नाहीतर रात्रीत तिच्यावर गंज धरतो आणि सकाळी पहिल्या ब्रेकला तोच गंज उडून तुमच्या धुतलेल्या चाकावर बसतो.