खोलीत कोंडण्याआधी नशा कोणती ते ओळखा

"आठ दिवस खोलीत कोंडा, बाहेरून कडी लावा, आपोआप सुटेल." व्यसनी मुलाच्या घरी, नाशिकचं सिडको असो की मालेगाव, हा सल्ला कुणी ना कुणी देतंच. देणारा काळजीपोटीच बोलत असतो. पण हाच उपाय गांजा ओढणाऱ्याला फार तर चिडचिडा करतो आणि रोज दोन क्वार्टर पिणाऱ्याचा जीव घेऊ शकतो. म्हणून बाजारातलं नाव काहीही असो, ती नशा कोणत्या गटातली आहे हे घरच्यांना कळायला हवं. काही नशा एकदम बंद करता येतात, काही अजिबात नाही.

दारू आणि झोपेच्या गोळ्या एकाच गटातल्या. दोन्ही मेंदूचा वेग मंदावतात. कसारा घाट उतरणारा भरलेला ट्रक डोळ्यांसमोर आणा. ब्रेक रोज दाबलेलाच असतो, म्हणून मेंदू आतून जोर वाढवत नेतो. मग एका सकाळी पाय ब्रेकवरून पूर्ण काढला की साठलेला जोर मोकाट सुटतो. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं, छाती धडधडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठे आहोत हे कळत नाही, अंग तापतं. घरचे याला बाहेरची बाधा समजून भगताकडे नेतात, आणि दवाखान्यात घालवायचे तास तिथे जातात. हा दारूच्या तुटीचा, म्हणजे नशा थांबल्यावर होणाऱ्या त्रासाचा, सर्वांत धोकादायक टप्पा आहे; उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. आधी कधी दारू सोडताना आकडी आली असेल, तर पुढच्या वेळी घरी प्रयोग नकोच.

प्रमाण मोजताना भलतीच फसगत होते. शुद्ध अल्कोहोल १० ग्रॅम म्हणजे एक माप. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्की-रमची १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सहा मापं. ८ टक्क्यांची ६५० मिली स्ट्राँग बीअर म्हणजे चार. आणि द्राक्षांच्या या जिल्ह्यात "वाइन म्हणजे दारू थोडीच" असं सर्रास ऐकू येतं, म्हणून तिचाही हिशेब सांगतो: साडेबारा टक्क्यांची ७५० मिलीची बाटली जवळपास साडेसात मापांची, म्हणजे सव्वा क्वार्टर. यकृत लेबल वाचत नाही.

आणखी एक चूक नेहमीची. पिणारा गळून पडला की जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाइन लावायचं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, जेमतेम उरलेलं असतं. ग्लुकोज पचवायला तेच लागतं. आधी थायमिन न देता ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलंही संपतं आणि मेंदूला इजा होते: डोळ्यांची बुबुळं नीट हलत नाहीत, चालताना तोल जातो, बोलणं असंबद्ध होतं. वेळीच लक्षात आलं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाते. डॉक्टरांना "रोज पितात" हे स्पष्ट सांगा आणि "आधी बी-१ चं इंजेक्शन देणार ना?" असं विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही.

मालेगावात जिला 'कुत्ता गोळी' म्हणतात ती बहुतेक वेळा अल्प्राझोलाम असते. भीतीच्या आजारावर डॉक्टर जी गोळी पाव-अर्धा मिलिग्रॅमपासून सुरू करतात, तीच इथे पट्ट्यांनी खाल्ली जाते. मुलगा बेधडक होतो, बोलताना जीभ अडखळते, भांडण करतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला काहीच आठवत नाही. घरच्यांना तो खोटं बोलतोय असं वाटतं. बऱ्याचदा त्याला खरंच आठवत नसतं. हे औषध अंगातून लवकर उतरतं, त्यामुळे तूट एक-दोन दिवसांतच सुरू होते आणि आकडी येण्याचा धोका दारूइतकाच असतो. ही गोळी हळूहळूच उतरवावी लागते. मनोविकारतज्ज्ञ बहुधा ती डायझेपामसारख्या लांब टिकणाऱ्या औषधावर बदलतात आणि दर दोन-तीन आठवड्यांनी साधारण दहावा हिस्सा कमी करत नेतात. महिने लागतात. सापडलेल्या रिकाम्या पट्ट्या रागाच्या भरात जाळू नका, पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या; रोज किती गोळ्या जात होत्या हे त्यावरूनच ठरतं. मार्च २०१४ पासून ही गोळी एच-१ यादीत आहे. चिठ्ठी हवी, शिवाय दुकानदाराने रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव, औषध आणि प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं सांभाळायची. वहीत नोंद न करता पट्ट्या विकणारा माणूस औषधविक्रेता उरत नाही.

अफूचा गट म्हणजे गर्द, ब्राउन शुगर, कोडीनची खोकल्याची बाटली, ट्रॅमाडॉल ही दुखणं थांबवायची गोळी. इथे खोली वेगळ्या पद्धतीने घात करते. गर्दची तूट ८ ते १२ तासांत सुरू होते: नाकाडोळ्यांतून पाणी, जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, हाडं मोडल्यासारखं अंग. दोन-तीन दिवसांत टोक गाठतं, आठवडाभरात ओसरतं. यात सहसा माणूस मरत नाही, पण उलट्या-जुलाबांनी पाणी कमी होऊन मरू शकतो. ओआरएस घोटाघोटाने सतत चालू हवं. खरा धोका दार उघडल्यानंतरचा. दहा-पंधरा दिवसांत शरीराची सवय मोडलेली असते, आणि तो पूर्वीचाच डोस घेतो. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटलेल्यांचे मृत्यू पहिल्या काही आठवड्यांत जास्त होतात ते यामुळेच. म्हणून या गटात नुसती 'सफाई' पुरत नाही. ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध महिनोन्‌महिने देतात. "एक नशा सोडून दुसरी लावली" असं लोक म्हणतात. ते खरं नाही. हे औषध तलफ थांबवतं, माणूस कामावर जातो, आणि ते चालू असेपर्यंत मृत्यूचं प्रमाण खूप कमी राहतं.

कोडीनच्या १०० मिलीच्या नेहमीच्या बाटलीत सुमारे २०० मिलिग्रॅम कोडीन असतं. यकृत त्यातल्या काही भागाचं मॉर्फिन करतं. काहींच्या शरीरात ते फार वेगाने होतं, म्हणून मित्राला पचलेली बाटली दुसऱ्याला भोवते. ट्रॅमाडॉल जास्त झालं की आकडीही येते. आणि बाटली, गोळी, दारू एकाच रात्री पोटात गेली तर तिघं मिळून श्वास थांबवतात.

ती रात्र कशी ओळखायची? हाक मारून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात घासूनही जागा होत नाही; श्वास मिनिटाला दहाच्या खाली; ओठ निळसर; अफूचा गट असेल तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. घरघरतंय म्हणजे गाढ झोपलाय असं समजू नका, ती घरघर श्वासनलिका अडल्याची असते. १०८ लावा. कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, तोंड खालच्या बाजूला करा. लिंबूपाणी, ताक, मिठाचं पाणी, कॉफी, काहीही पाजायचं नाही. बेशुद्ध माणसाच्या ते फुफ्फुसात जातं. दवाखान्यात काय घेतलंय ते लपवू नका. अफूच्या गटावर नॅलोक्सोन नावाचा उतारा आहे, पण त्याचा अंमल कमी वेळ टिकतो, म्हणून शुद्धीवर आला की लगेच घरी आणू नये.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्यात आलं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकरोडजवळच्या शिंदे गावातला कारखाना मुंबई पोलिसांनी उघडकीला आणला तेव्हा ते इथल्या घराघरांत माहीत झालं. ही दारूच्या विरुद्ध गटातली नशा, मेंदूचा वेग वाढवणारी. नाकातून ओढली तर अंमल एक-दोन तासांचा, म्हणून रात्रभर पुन्हा पुन्हा घेतली जाते. दात करकर खाणं, जबडा आवळणं, नाकातून रक्त, भूक-झोप उडणं, वजन झरझर उतरणं, मग "माझ्या मागे कुणीतरी लागलंय" हा संशय. रक्तदाब आणि तापमान दोन्ही चढतात. अंग भाजत असताना चार जणांनी धरून दोरीने बांधलं तर तो झटापट करतो, ताप आणखी चढतो आणि हृदय बंद पडू शकतं. दिवे मंद करा, पंखा लावा, ओली फडकी ठेवा, एकाच माणसाने शांतपणे बोलावं. छातीत दुखलं किंवा अंग खूप तापलं तर दवाखाना.

एमडी एकदम बंद करता येते, बंद केल्याने आकडी येत नाही. पण पुढचे काही दिवस खोल निराशेचे असतात, आत्महत्येचे विचार येतात. अशा मुलाला एकट्याला कडीबंद खोलीत ठेवणं ही सगळ्यांत वाईट कल्पना. सोबत कुणीतरी झोपा. औषधांच्या दुकानातली लघवी तपासायची नेहमीची पट्टी एमडी दाखवेलच असं नाही. "निगेटिव्ह आलं" म्हणून निर्धास्त होऊ नका.

गांजा, चरस, भांग यांबद्दल "शंकराचा प्रसाद" म्हणून रामकुंडावर फार सहज बोललं जातं. भांगेची नुसती पानं कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत हे खरं, पण मेंदूवर चढणारा घटक तोच. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांत भ्रमिष्टपणाचा धोका वाढतो. वर्षानुवर्षं ओढणाऱ्या काहींना न थांबणाऱ्या उलट्या होतात आणि गरम पाण्याच्या आंघोळीनेच बरं वाटतं. ही खूण पक्की ध्यानात ठेवा, नाहीतर पोटाच्या तपासण्यांतच पैसे जातात. सोडताना आठवडा-दोन आठवडे चिडचिड, झोपमोड, अन्नावर वासना नसणं. एवढंच.

व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन हुंगणारी मुलं बहुतेक अगदी लहान असतात. तोंडाभोवती पुरळ, कपड्यांना रंगाचा वास. या वाफांनी हृदय इतकं हळवं होतं की घाबरून धावलं तरी ठोका चुकून मूल जागीच कोसळतं. म्हणून रुमाल तोंडाला लावलेलं पोर दिसलं तर ओरडून त्याच्या मागे पळायचं नाही. जवळ बसा, मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, कळवा.

जिममधलं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन हे शस्त्रक्रियेत उतरलेला रक्तदाब चढवायचं औषध आहे. ताकदीचं नाही.

दाखल करायची वेळ आली तर केंद्र मानसिक आरोग्य कायदा, २०१७ खाली नोंदवलेलं आहे का ते कागदावर पाहा. मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, पहिल्या पाच रात्री नर्स असते का, आकडी आली तर काय करतात, फोन-भेट कधी, हे विचारा. साखळीने बांधायला या कायद्याची सरळ मनाई आहे. "शिस्त" म्हणून तसं दाखवलं तर मुलाला घेऊन परत फिरा. पोलिसांच्या भीतीने थांबला असाल, तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचं कलम ६४-अ वकिलाकडून समजून घ्या: थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं, अट एकच, उपचार अर्धवट टाकायचे नाहीत. कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, मन सावरायला टेलिमानस १४४१६. दोन्ही फुकट आहेत, आणि फोन आईने किंवा बायकोने केला तरी चालतो.