बाजू वाजवूनच बाजू मांडायची

जुन्या रेकॉर्डी वर्गणीवर घरोघर फिरवायच्या आमच्या धंद्याचं मूळ एका भिशीत आहे. मिरजेत आमच्या गल्लीतल्या बारा जणींची भिशी होती. दर महिन्याला एकीचा नंबर, वर्षात सगळ्यांची पाळी. २०१७ साली माझ्या धाकट्या दिरांनी रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीचं दुकान टाकलं. बेल्ट बदलणं, सुई बसवणं, मोटर साफ करणं, असली कामं. हिशेब मी बघायचे. दुरुस्त झालेला प्लेअर न्यायला आलेलं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "वहिनी, आता यावर लावू काय? घरात चारच रेकॉर्डी उरल्यात." बऱ्या स्थितीतली जुनी एलपी, म्हणजे मोठी लाँग प्ले रेकॉर्ड, विकत घ्यायची म्हणजे पाचशे-हजार रुपये सहज जातात. तेव्हा मला भिशी सुचली. १२ माणसं, १२ रेकॉर्डी, १२ महिने. एकाकडे महिनाभर एक रेकॉर्ड, मग ती पुढच्याकडे. वर्ष सरेपर्यंत प्रत्येकाच्या बाराही ऐकून होतात. बारा जणांच्या अशा गटाला आम्ही चक्र म्हणतो. पहिलं चक्र २०१८च्या दिवाळीत सुरू झालं. आज तीन चक्रं आहेत. सभासद मिरज, सांगली, कोल्हापूर, बेळगाव, पुण्याचे आणि एक फोंड्याचे. वर्गणी महिना ३५० रुपये, अनामत दीड हजार.

माल पुण्याच्या जुन्या बाजारातून, मुंबईच्या चोर बाजारातून आणि कोलकात्याच्या फ्री स्कूल स्ट्रीटवरून येतो. आलेली प्रत्येक रेकॉर्ड मी डिस्टिल्ड वॉटरने धुते. पावसाळ्यात खाचांमध्ये बुरशी धरते, ती मऊ ब्रशने, खाचेच्या दिशेनेच काढावी लागते. पाठवताना रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून, नुसत्या आतल्या पिशवीत, कव्हरला लागून ठेवायची. नाहीतर वाटेतल्या धक्क्यांनी तिची कड कव्हरची शिवण फाडते. हे आम्ही तीन कव्हरं फाटल्यावर शिकलो. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात एक पार्सल दुपारभर उन्हात पडून राहिलं आणि आतली एलपी पापडासारखी वळली. तेव्हापासून होळी ते मृगापर्यंत पार्सल फक्त रात्रीच्या गाडीने जातं.

पण या धंद्याचा जीव आहे तो निवडीत. दसऱ्यानंतरच्या रविवारी दुकानात चटया अंथरून आम्ही पुढच्या वर्षाच्या बारा रेकॉर्डी ठरवतो. जागा बाराच असतात, आणि एकदा आलेली रेकॉर्ड वर्षभर फिरते.

पहिल्या वर्षी सगळी निवड मी केली होती. दुसऱ्या वर्षी वाटलं, पैसे सभासदांचे, तर ठरवू दे त्यांनाच. मोबाईलवर मतदान घेतलं. बारापैकी नऊ जागा हिंदी चित्रपटगीतांच्या संकलनांना मिळाल्या. ती गाणी मलाही पाठ आहेत, त्यांच्याशी माझं काही वैर नाही. पण आषाढापर्यंत दोन सभासदांनी सांगितलं की हे सगळं फोनवर आहे, त्यासाठी पार्सलची वाट कशाला बघायची? वर्षाअखेर चौघं सोडून गेले. तेव्हा कळलं की माणूस मत देतो ते आधीपासून माहीत असलेल्याला. जे ऐकलेलंच नाही, त्याला कोण मत देणार?

तिसऱ्या वर्षी नियम केला, तो आजही आहे. ज्याला एखादी रेकॉर्ड सुचवायची असेल त्याने ती आणायची, तिची एक बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांना ऐकवायची, आणि मगच तिची बाजू मांडायची. सुई मध्येच उचलायची नाही. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची. दिवसभरात आठ-नऊ रेकॉर्डी जेमतेम होतात, म्हणून आता दोन रविवार लागतात. अर्धी लढाई आधीच संपते, कारण वीस मिनिटं गप्प बसून ऐकल्यावर विरोधाला आलेला माणूस बदललेला असतो.

गेल्या दसऱ्यानंतरचा वाद मात्र तिथे मिटला नाही. सतारमेकर गल्लीतल्या एका तंबोरा कारागिरांनी किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची एलपी आणली. खाँसाहेबांनी १९३४ ते १९३६च्या सुमारास ज्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, बाजूला तीन-साडेतीन मिनिटांच्या) तबकड्या दिल्या, त्यांचं हे पुढे निघालेलं संकलन. मूळ तबकड्या आम्ही फिरवतच नाही. त्या लाखेच्या, पडल्या की फुटतात, आणि त्यांची खाच रुंद असल्याने त्यांना सुईही वेगळी लागते. मिरजेत खाँसाहेब म्हणजे घरचं माणूस. दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, उरुसात तिथे अजून गाणं होतं. तरीही सांगलीच्या एका संगीतशिक्षिका उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "तीन-साडेतीन मिनिटांत राग मावत नाही. हा रागाचा पत्ता झाला, घर कुठे दिसलं? १९४८ साली एलपी निघाली तेव्हा कुठे गायकाला एका बाजूत श्वास घेता आला. शिवाय ही खरखर. नव्या श्रोत्याला पहिल्या महिन्यात हे पाठवलं तर तो प्लेअर बंद करेल."

फोंड्याच्या काकांनी गायिका केसरबाई केरकरांचं नाव काढलं. गोव्यातल्या केरीच्या केसरबाईंची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. "तेवढी अंतराळाला पुरली, आपल्याला पुरत नाही?" शिक्षिका बाई म्हणाल्या, "निवडणाऱ्यांना तेवढीच जागा होती, काका."

मग आमच्यातला सर्वांत तरुण सभासद बोलला. त्याने सकाळी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ऐकवली होती. १९६७ची, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरांची. त्याचा मुद्दा असा की त्यात काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस आहे, पहाटेच्या अहीर भैरव रागापासून देस-पहाडीपर्यंत. क्रम बदला, दिवस मोडतो. अशी रेकॉर्डच अल्बम म्हणवते. खाँसाहेबांच्या एलपीवरची गाणी कुणीतरी मागाहून एकत्र बांधलेली, ती कशीही लावा.

मला त्याचं म्हणणं पटलं, आणि आता निवड करताना मी तीच कसोटी लावते. पण त्या दिवशी निकाल लागला तो कारागिरांमुळे. ते तोवर गप्प होते. ते म्हणाले, "मी वाद्य लावताना सूर जुळला की नाही हे अंदाजाने बोलत नाही, कानाला लावून बघतो. परत वाजवा, आणि यावेळी राग शोधू नका. फक्त ते सूर कुठे ठेवतायत तेवढं ऐका." दिरांनी सुई ठेवली. भैरवी सुरू झाली. खरखर होतीच. बाईंनी डोळे मिटले. संपल्यावर म्हणाल्या, "घ्या. पण नव्या सभासदाला पहिल्या महिन्यात नको, मागाहून पाठवा, कान तयार झाल्यावर." तशी नोंद झाली आणि रेकॉर्डसोबत द्यायची चिठ्ठी लिहायचं काम बाईंनी स्वतःकडे घेतलं. आता प्रत्येक रेकॉर्डसोबत ती सुचवणाऱ्याची, किंवा तिला आधी विरोध करणाऱ्याची, अर्ध्या पानाची चिठ्ठी जाते. सभासद मला सांगतात की पार्सल फोडल्यावर आधी चिठ्ठी वाचतात. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ही बारात आली. एक नाट्यगीतांची एलपी मात्र एका मताने बाहेर राहिली, त्याचं मला अजून वाईट वाटतं. यंदा ती मी स्वतः मांडणार आहे.

तीन चक्रं म्हणजे प्रत्येक रेकॉर्डच्या तीन प्रती लागतात. खाँसाहेबांच्या दोन चांगल्या मिळाल्या. तिसरी कोलकात्याहून आली, पण दुसऱ्या बाजूवर आडवा ओरखडा, सुई प्रत्येक फेऱ्याला उडते. ती परत केली. तिसऱ्या चक्राच्या सभासदांना मी फोन करून विचारलं, दुसरी रेकॉर्ड पाठवू का? बाराही जणांनी थांबू म्हटलं. तिसऱ्या चक्राच्या फडताळात त्या खणावर मी नुसती चिठ्ठी ठेवली आहे. दीर येत्या बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजाराला जाणार आहेत.