आमची वाटचाल: सगळ्या फोनवर उघडणारी वेबसाइट

बडोद्यातल्या रावपुऱ्यात आम्ही वेबसाइट बनवायचं काम सुरू केलं तेव्हा गिऱ्हाइकांकडे विंडोज एक्सपी असायचं आणि त्यात इंटरनेट एक्सप्लोरर 6 हा ब्राउझर. फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरमध्ये नीट बसलेला रकाना तिथे खाली घसरायचा, पारदर्शक पीएनजी चित्रामागे करडा चौकोन दिसायचा. निम्मा वेळ त्यातच जायचा. पुढे 2016 साली जिओ आलं आणि बडोद्यातलं गिऱ्हाईक मोबाइलवर गेलं. तेव्हापासून आम्ही पान आधी स्वस्तातल्या अँड्रॉइडवर उघडतो, मग आयफोनवर, मोठ्या स्क्रीनवर सगळ्यात शेवटी. आपल्याकडे आयफोनवर क्रोम घेतलं तरी आतलं इंजिन, म्हणजे पान मांडून दाखवणारा भाग, ॲपलच्या सफारी ब्राउझरचंच असतं, त्यामुळे तो फोन हातात घेऊनच तपासावं लागतं.

एका मंगल कार्यालयाचे मालक दुसरीकडे करून घेतलेली साइट घेऊन आले. "अहो, लॅपटॉपवर झकास दिसते, पण फोनवरून कुणी तारीखच विचारत नाही." आयफोनवर पाहिलं तर 'तारीख बघा' हे बटण ब्राउझरच्या खालच्या पट्टीमागे दडलेलं. पानाची उंची 100 व्हीएच, म्हणजे पूर्ण स्क्रीनएवढी, दिली होती आणि सफारी ती मोजतो पट्टी मिटलेली आहे असं धरून. आम्ही कोडमध्ये त्याखाली 100 डीव्हीएचची, म्हणजे पट्टी उघडी की मिटलेली ते बघून बदलणाऱ्या उंचीची, ओळ टाकली. नवे ब्राउझर ती घेतात. जुन्यांना ती कळत नाही, ते ती सोडून वरचीच ओळ पाळतात. अशा जुन्या फोनसाठी बटणच फोटोच्या वर आणलं.

आमचं खरं लक्ष मात्र अक्षरांवर. इथे एकाच साइटवर गुजराती, मराठी, इंग्रजी तिन्ही लागतात. गुजरातीला शिरोरेषा नाही, म्हणून मथळ्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं खपून जातं. तीच सेटिंग मराठीला लागली की शिरोरेषेचे तुकडे पडतात. ओळींतलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं तर रफार आणि वेलांट्या कापल्या जातात. आपली लिपी अशी तुटलेली मला बघवत नाही, म्हणून मराठीची मापं आम्ही वेगळीच लिहितो.

पैशांची ओढाताण असेल तर आम्ही ॲनिमेशन कमी करतो, तपासणी नाही. सध्या दांडिया बाजारातल्या एका क्लासचं काम हातात आहे. त्यांच्या प्रवेशअर्जाच्या रकान्यांतलं अक्षर 16 पिक्सेलहून लहान आहे, त्यामुळे आयफोनवर नाव टाइप करायला गेलं की पान आपोआप मोठं होतं आणि अर्ज बाजूला सरकतो. जूनचे प्रवेश सुरू व्हायच्या आत ते उरकायचं आहे.