म्यूऑन-मोजकाची नोंद: सौरचक्र 25 चा उतार पुण्यातून दिसेल का?

दोन सिंटिलेटर-पट्ट्या (कण आरपार गेला की चमकणारा पदार्थ) एकावर एक ठेवून बांधलेला माझा म्यूऑन-मोजक (अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळून तयार होणारे म्यूऑन हे कण मोजणारा) आता हवेच्या दाबाची दुरुस्ती केलेले आकडे देऊ लागला आहे. तेव्हा या आकड्यांत सौरचक्राची, म्हणजे सुमारे अकरा वर्षांत सौरडाग वाढण्या-घटण्याच्या चक्राची (सध्याचे 25 वे), छाया कितपत उमटू शकेल, याचा हिशेब येथे मांडतो.

तुलनेसाठी मी फिनलंडमधील ओउलू येथील न्यूट्रॉन मॉनिटरची (वैश्विक किरणांमुळे हवेत तयार होणारे न्यूट्रॉन मोजणारे उपकरण) 1964 पासूनची मालिका वापरतो. सौरडाग वाढले की सौरवाऱ्यासोबत वाहणारे चुंबकीय क्षेत्र अधिक अस्ताव्यस्त होते, दीर्घिकेतून येणारे कण (वैश्विक किरण) त्यात विखुरतात आणि त्यांतले कमी कण सूर्यमालेत आतपर्यंत पोहोचतात. अमेरिकी भूभौतिकशास्त्रज्ञ स्कॉट फोर्बुश यांनी हा व्यस्त संबंध 1954 मध्ये दाखवून दिला. ओउलूचा आलेख म्हणजे सौरडागांचा आलेख उलटा धरलेला, असे मात्र समजू नये. त्याची शिखरे आलटून पालटून टोकदार आणि सपाट येतात: 1965, 1987 आणि 2009 ची टोकदार, तर 1976, 1997 आणि 2020 च्या सुमाराची पसरट. सौरडागांच्या प्रत्येक कमालीच्या सुमारास सूर्याच्या ध्रुवांची चुंबकीय दिशा उलटते, त्यामुळे धन प्रभाराचे कण एका चक्रात सूर्याच्या ध्रुवांकडून आत येतात, तर पुढच्यात विषुववृत्ताजवळच्या नागमोडी धारापटलाच्या (विरुद्ध चुंबकीय दिशांचे प्रदेश वेगळे करणाऱ्या विद्युतप्रवाहाच्या पातळ पटलाच्या) वाटेने. ही दुसरी वाट त्या पटलाच्या लाटांवर फार अवलंबून असल्यामुळे लाटा सपाट झाल्या की तीव्रता झपाट्याने चढते आणि त्या वाढल्या की तितक्याच झपाट्याने उतरते. माझ्या मते या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट हीच. ‘अकरा वर्षांचे चक्र’ म्हणून आपण ती उगाच झाकून टाकतो.

आता पुण्याची अडचण. ओउलूला भूचुंबकीय उंबरठा (पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र भेदून येण्यासाठी कणाला लागणारा किमान जोर, गिगाव्होल्टमध्ये मोजलेला) जेमतेम 0.8 गिगाव्होल्ट आहे, तर दक्षिण भारतात उटीला तो सुमारे 17 गिगाव्होल्ट असून आपल्याकडेही फार वेगळा नाही. सूर्याचा प्रभाव मुख्यतः कमी ऊर्जेच्या कणांवर पडतो आणि नेमके तेच कण आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. ओउलूच्या आलेखात सौरचक्रामुळे साधारण वीस टक्क्यांची चढउतार दिसते. येथे म्यूऑनमध्ये मोजके टक्के मिळाले तरी पुष्कळ.

माझ्या मोजकात मिनिटाला वीसएक म्यूऑन नोंदले जातात. म्हणजे दिवसाच्या बेरजेत निव्वळ योगायोगाची अनिश्चितता 0.6 टक्के, तर महिन्याच्या बेरजेत 0.1 टक्के. त्यामुळे मे 2024 मधल्या सौरवादळासारख्या घटनेतली फोर्बुश-घट (सौरवादळानंतर वैश्विक किरणांत अचानक होणारी तात्पुरती घट) एवढ्याशा पट्ट्यांवर जेमतेमच ओळखता येईल. उटीच्या ग्रेप्स-3 या वैश्विक किरणांच्या प्रयोगात म्यूऑन-दुर्बिणीचे क्षेत्रफळ 560 चौरस मीटर का ठेवले आहे, ते यावरून कळावे. सौरचक्रासाठी मासिक सरासरी पुरेशी आहे, पण तेथे वेगळाच चकवा आहे: दाब एक हेक्टोपास्कलने वाढला की म्यूऑन 0.1 ते 0.2 टक्क्यांनी कमी होतात, आणि हिवाळ्यातला दाब व पावसाळ्यातला दाब यांतला फरक दुरुस्त केला नाही तर दर वर्षी एक खोटे चक्र तयार होते. शिवाय वरच्या वातावरणाचे तापमान आणि फोटोमल्टिप्लायरची (पट्टीतली चमक टिपून तिचा विद्युतसंकेत करणारा भाग) उष्णतेनुसार बदलणारी संवेदनशीलता हे दोन दोष अजून शिल्लक आहेत.

चक्र 25 ची कमाल ऑक्टोबर 2024 मध्ये येऊन गेली. विषम क्रमांकाच्या चक्रांत वैश्विक किरणांचा तळ सौरडागांच्या कमालीमागून कधी कधी वर्षभराने येतो, त्यामुळे चढ हळूहळू सुरू होईल. पुढचे शिखर टोकदार असायला हवे. तोवर आकडे एकाच मापाचे राहावेत म्हणून आता खोक्यात तापमान स्थिर ठेवणारी सोय बसवतो आहे आणि पट्ट्यांची जागा यापुढे बदलणार नाही.